निळ्या टोपीची शांतता

ऐन पावसात महाबळेश्वरला आम्ही दोन दिवस बसलो होतो. हवा खायला नव्हे. सीझन संपला की इथल्या खोल्यांचे भाव उतरतात, पेठेतली दुकानं प्लास्टिकच्या कागदाआड जातात, धुक्यात पॉइंट दिसत नाहीत आणि पॉइंट बघणारेही दिसत नाहीत. मग आपल्यासारख्यांना तिथं शिबिर घेणं परवडतं. वरळी, पिंपरी, कराड, मिरज, अशी पंचवीस-तीस पोरं होती. विषय होता अत्याचार प्रतिबंधक कायदा. एफआयआर कशी लिहून घ्यायची, कलमं कशी लावून घ्यायची, पंचनामा वाचल्याशिवाय सही का करायची नाही, असं सगळं.

संध्याकाळी चहाच्या वेळी मिरजेकडचा एक पोरगा उठला. म्हणाला, "आपण डायरेक्ट युनोलाच निवेदन का देत नाही? त्यांची शांतिसेना आहे. जगात कुठं कुठं पाठवतात. मग आपल्या गावात का नाही?"

पोरं हसली. साताऱ्याचा एक जुना कार्यकर्ता कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "अरे बाबा, युनो म्हणजे आपल्या पोलीस ठाण्यातली शांतता कमिटीच. फक्त सुटाबुटातली."

हशा पिकला आणि विषय मिटला. आम्हाला तो मिटू द्यायचा नाही. कारण त्या पोराचा प्रश्न भाबडा असला तरी खरा आहे, आणि म्हाताऱ्याचं उत्तर झकास असलं तरी पुरं नाही. चारचौघांत हसून उडवलेले प्रश्न आपल्या चळवळीला पुढं महागात पडलेत.

शांतता कमिटी तुम्ही पाहिली असेल. दगडफेक झाली, मिरवणूक अडवली, वस्तीवर चाल करून गेले, की दुसऱ्या दिवशी ठाण्यात बैठक. मधल्या खुर्चीत साहेब. दोन्ही बाजूंना सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचा चेअरमन, कारखान्याचा डायरेक्टर. दाराजवळच्या बाकड्यावर आपले दोघं. चहा येतो. साहेब म्हणतात, झालं गेलं विसरा, सामोपचारानं घ्या. कागदावर सगळे सह्या करतात. ज्याचं डोकं फुटलं त्याचीही सही आणि ज्यानं फोडलं त्याचीही. दोन्ही बाजूंनी शांतता राखण्याचं मान्य केलं, असा ठराव होतो. आता 'दोन्ही बाजूंनी' म्हणजे काय? एका बाजूनं मारायचं थांबवायचं, दुसऱ्या बाजूनं केस मागं घ्यायची. त्याला आपल्याकडं शांतता म्हणतात.

आता युनो बघू.

२६ जून १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोला सनदेवर सह्या झाल्या आणि २४ ऑक्टोबरला ती लागू झाली. सनदेची सुरुवात जगातल्या लोकांच्या नावानं आहे, पण सह्या सरकारांच्या. हा फरक ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यातून निघतं. भारत तेव्हा गुलाम होता, तरी भारताच्या वतीनं सही झाली. सर रामस्वामी मुदलियार यांनी केली. म्हणजे देश नसला तरी चालतं, सरकार लागतं. आपल्याकडं दोन्ही नव्हतं.

सगळी सत्ता सुरक्षा समितीत. पंधरा सभासद, त्यात पाच कायमचे: अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स. ठराव व्हायला नऊ मतं लागतात, पण या पाचांतल्या एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी उरलेल्या चौदांची किंमत शून्य. याला नकाराधिकार म्हणतात. २०२२ ला युक्रेनच्या बाबतीत रशियानं तो वापरला. २०२३ पासून गाझातल्या युद्धबंदीच्या बाबतीत अमेरिकेनं तो पुन्हा पुन्हा वापरला. गावात पाटलाच्या पोरानं गुन्हा केला आणि तंटा पाटलाच्याच ओट्यावर निवाड्याला आला, तर जे होईल ते इथं होतं. जगाला शस्त्रं विकणाऱ्या मोठ्या देशांच्या यादीत ही पाचही नावं आहेत. जगाच्या शांततेची किल्लीही त्यांच्याच कमरेला.

आणि शांतिसेना? गंमत अशी की शांतिसेना हा शब्द सनदेत कुठंच नाही. सनदेचं सहावं प्रकरण म्हणतं, बोलून मिटवा. सातवं प्रकरण म्हणतं, नाही मिटलं तर दांडका उचला. डाग हमरशोल्ड हा सरचिटणीस गमतीनं म्हणे, शांतिसेना साडेसहाव्या प्रकरणात बसते. १९४८ ला पॅलेस्टाइनमध्ये नुसते निरीक्षक गेले. १९४९ च्या जानेवारीपासून ते काश्मिरातही आहेत. शिमला करारानंतर त्यांचं काम संपलं असं दिल्ली म्हणते, ते मात्र बसून आहेत. हत्यारी फौज पहिल्यांदा गेली ती १९५६ ला, सुएझच्या भांडणात. तिच्यासोबत निळी टोपी आली.

या फौजेचे तीन नियम. ज्यांचं भांडण आहे त्यांची संमती हवी. कुणाची बाजू घ्यायची नाही. स्वतःचा जीव आणि सोपवलेलं काम राखण्यापलीकडं गोळी चालवायची नाही. ऐकायला बुद्धवचन. पण संमती कुणाची? सरकारची. मेक्सिकोतला असो की माणमधला, मार खाणाऱ्याची संमती कुणी विचारत नाही. १९६७ च्या मे महिन्यात इजिप्तनं म्हटलं, जा. शांतिसेना निघाली, पुरती निघायच्या आत ५ जूनला युद्ध पेटलं आणि गाझात आपले काही भारतीय जवान मेले. २०२३ ला मालीच्या लष्करी राज्यकर्त्यांनी म्हटलं, जा. डिसेंबरपर्यंत सगळं गुंडाळलं. वस्तीवरची पोलीस चौकी सरपंचाच्या परवानगीनं बसवायची आणि सरपंच म्हणाला की उठवायची, असा हा बंदोबस्त.

युनोला स्वतःचा एक शिपाई नाही. पाच मोठे ठराव करतात, पैसा प्रामुख्यानं श्रीमंत देश देतात, माणसं गरीब देश देतात. नेपाळ, बांगलादेश, रुआंडा, भारत, पाकिस्तान, इथिओपिया. एका जवानामागं महिन्याला सुमारे १,४०० डॉलर युनो मोजते, पण ते जवानाच्या हातात नव्हे, त्याच्या सरकारच्या खात्यात. भारतानं आजवर अडीच लाखांहून जास्त माणसं पाठवली. त्यातली सुमारे १८० परत आली नाहीत. इतकी माणसं देणाऱ्या भारताला त्या टेबलाशी कायमची खुर्ची नाही. १९५१ च्या निवडणुकीत बाबासाहेबांनी हेच विचारलं होतं, की चीनच्या जागेसाठी भांडण्यापेक्षा आपल्या जागेसाठी का भांडत नाही? आज सगळे पक्ष तेच बोलतात, बाबासाहेबांचं नाव न घेता.

टेबलाशी बसणारे वेगळे, चिखलात उभे राहणारे वेगळे. ही रचना आपल्याला ओळखीची नाही काय? आपल्या बापजाद्यांनी ती पिढ्यान् पिढ्या भोगली. गावाची वेस राखणारा कोण? महार. गावाची शिव दाखवणारा कोण? महार. दोन गावांत शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष निर्णायक. तो चालेल ती शिव. त्याच्या शब्दावर दोन गावांचे पाटील गप्प बसायचे, कुऱ्हाडी म्यान व्हायच्या. अख्ख्या महाराष्ट्रानं शेकडो वर्षं ज्याला शांतिसैनिक म्हणून वापरलं त्याचं घर मात्र वेशीच्या बाहेर. बलुतं म्हणून शिळी भाकर आणि वर 'वतनदार' ही पदवी. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात हे वतन मोडायला बिल आणलं. कायद्यानं ते मोडायला १९५८ उजाडलं. जो शिव राखतो त्याला गावात जागा नाही, ही रीत आम्हाला न्यूयॉर्कला जाऊन शिकायची गरज नाही.

महाबळेश्वरच्या पायथ्याला साताऱ्यात ही गोष्ट आणखी पुढं जाते. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतून निवृत्त होऊन नोकरीसाठी साताऱ्यात आले. त्यांच्या भिवाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातलं गेलं. त्याच्या आधीच्या दशकात इंग्रजांनी ठरवून टाकलं होतं की महार ही लढवय्यी जात नव्हे. भरती बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, बाकीच्या पेन्शनरांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसं कमी पडली, बाबासाहेबांनी सरकारमागं लकडा लावला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. रेजिमेंटमध्ये आज देशभरच्या सगळ्या जातींची माणसं आहेत, नाव तेवढं महार. हे प्रामाणिकपणे सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर आपली पोरं उगाच छाती फुगवतात. पण नाव आहे आणि नावाला इतिहास आहे.

याच रेजिमेंटची पाचवी बटालियन १९९३ ला निळी टोपी घालून सोमालियाला गेली. भारताच्या ६६ व्या ब्रिगेडबरोबर. तिथं सरकार नावाची गोष्टच उरली नव्हती. टोळ्यांच्या रायफलींचं राज्य, दुष्काळ, लुटलेलं धान्य. ब्रिगेडनं बैदोआच्या बाजूला धान्याचे ट्रक पोचवले, विहिरी खोदल्या, दवाखाने चालवले. ब्रिगेडची माणसंही मेली. १९९४ च्या अखेरीस सगळे परत आले.

आता तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेनं विद्यापीठाच्या नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव केला होता. तेव्हा मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मारली गेली, आणि ठराव सोळा वर्षं कपाटात गेला. कारण काय दिलं? शांतता! नामांतर केलं तर शांतता बिघडेल. १४ जानेवारी १९९४ ला शेवटी झालं, तेही नामविस्तार म्हणून. म्हणजे महार नावाची बटालियन बैदोआत टोळ्यांपासून गरिबांचं धान्य राखत होती, तेव्हाच मराठवाड्यात तिच्या नावाची माणसं बाबासाहेबांच्या नावासाठी जळत होती. यांच्यासाठी निळी टोपी कुठून यायची? इथं सरकार होतं ना! सरकार असलं की युनो दारात चप्पल काढून उभी राहते.

नाही म्हणायला युनो जिथं आत शिरली तिथंही काय केलं, हे एकदा डोळे उघडून वाचा. काँगोचा पॅट्रिस लुमुंबा. १९६० ला त्यानंच युनोला बोलावलं. युनोची फौज त्याच्या देशात असताना त्याला पकडलं, मारहाण केली, आणि १७ जानेवारी १९६१ ला गोळ्या घातल्या. फौज म्हणाली, हा अंतर्गत मामला. १९९४ च्या एप्रिलमध्ये रुआंडात कत्तल सुरू झाली तेव्हा तिथं युनोचे सुमारे अडीच हजार शिपाई होते. कॅनडाचा सेनापती आणखी कुमक मागत होता. सुरक्षा समितीनं २१ एप्रिलला कुमक देण्याऐवजी शिपाईच कमी केले, २७० वर आणायचे ठरवले. तीन महिन्यांत सुमारे आठ लाख माणसं कापली. रस्त्यावर नाकी लावून ओळखपत्रं तपासत होते. बेल्जियमच्या गोऱ्यांनी त्या कार्डांवर हुतू की तुत्सी ते छापायची रीत पाडली होती. ज्याच्या कार्डावर तुत्सी तो मेला. आडनाव विचारून खोली नाकारली गेलेल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. पुढच्याच वर्षी स्रेब्रेनित्सा. युनोनं 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलेलं गाव, डच शिपाई पहाऱ्याला, आणि आठ हजार पुरुष-पोरं मारली गेली. हैतीत २०१० ला शांतिसेनेच्या छावणीतून नदीत घाण गेली, कॉलरा पसरला, सुमारे दहा हजार माणसं मेली. युनोनं माफी मागायला २०१६ उजाडलं. भरपाईच्या दाव्यात मात्र ती म्हणाली, आम्हाला कायद्यानं संरक्षण आहे.

मग युनो बोगस, असं म्हणून मोकळं व्हायचं का? म्हाताऱ्याचा हशा तिथंच घेऊन जातो. आणि इथं आम्ही त्याच्याशी भांडतो.

१९४६ चं साल घ्या. भारतानं युनोत तक्रार नेली की दक्षिण आफ्रिका तिथल्या भारतीयांना रंगावरून वेगळं वागवते. विजयालक्ष्मी पंडित भांडल्या. दक्षिण आफ्रिका म्हणाली, हा आमच्या घरातला मामला. सनदेच्या दुसऱ्या कलमाचा सातवा भाग वाचा, घरात शिरायचा युनोला अधिकार नाही. भारत म्हणाला, माणसाची माणुसकी काढून घेणं हा घरातला मामला होऊ शकत नाही. ८ डिसेंबरला दोन-तृतीयांश मतांनी भारत जिंकला. वर्णद्वेष काही त्या दिवशी संपला नाही. पण दार किलकिलं झालं. १९७७ ला शस्त्रबंदी सक्तीची झाली. १९९४ ला काळ्यांनी पहिल्यांदा मतदान केलं. घरात लढणाऱ्यांनीच ते राज्य पाडलं, पण बाहेरून दोर आवळले गेले ते युनोच्या सभागृहात वर्षानुवर्षं झालेल्या बोंबेमुळं.

त्याच १९४६ ला आणखी एक पत्र अमेरिकेला गेलं होतं. बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना लिहिलं: अमेरिकेतल्या निग्रोंनी युनोला निवेदन दिल्याचं वाचलं, अस्पृश्यही तसं करायच्या विचारात आहेत, त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती पाठवा. दु बॉइसनी ३१ जुलैला उत्तर दिलं. बाबासाहेबांनी अहवाल तयार केला. आणि पाठवला नाही. १९५१ च्या ऑक्टोबरात मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी स्वतःच ते सांगितलं: अनुसूचित जातींच्या स्थितीवर युनोसाठी अहवाल तयार होता, पण घटना समितीला आणि पुढच्या पार्लमेंटला एक संधी द्यावी असं वाटलं, म्हणून थांबलो. आणि त्याच निवेदनात त्यांनी विचारलं, आज अनुसूचित जातींची स्थिती काय आहे? होती तशीच.

दोस्तांनो, तो मिरजेचा पोरगा आणि बाबासाहेब एकच गोष्ट बोलत होते. आपण हसलो.

त्या संधीचं काय झालं ते बघा. १९६५ ला युनोनं वंशभेदाविरुद्धचा करार केला. त्यात वंश, वर्ण यांच्या शेजारी 'जन्मावरून, कुळावरून' होणारा भेद हा शब्द घालायची सूचना कुणाची? भारताची. करारावर देखरेख करणारी समिती १९९६ ला म्हणाली, जात या शब्दात येते. भारत सरकार म्हणालं, नाही येत. २००१ ला डर्बानला वंशभेदावर जागतिक परिषद भरली. आपले लोक देशभरातून गेले. भारत सरकारनं काय भूमिका घेतली? जात हा आमच्या घरातला मामला! १९४६ ला दक्षिण आफ्रिकेच्या तोंडातलं वाक्य, पंचावन्न वर्षांनी त्याच आफ्रिकेच्या भूमीवर भारताच्या तोंडात. २००६ च्या डिसेंबरात पंतप्रधान मनमोहन सिंग दिल्लीत म्हणाले की अस्पृश्यतेला तुलना फक्त वर्णद्वेषाची. आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांत जिनिव्हात त्यांचंच शिष्टमंडळ समितीला सांगत होतं की जात म्हणजे वंश नव्हे. जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनीही लिहिलंय, बरोबर आहे. पण बाबासाहेबांनी ते जात फोडायला लिहिलं, शिष्टमंडळ बोललं ते जात झाकायला.

जातीवर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय दलित संघटनेनं युनोत सल्लागार दर्जासाठी अर्ज केला तर भारताचे प्रतिनिधी दर बैठकीत नवे प्रश्न विचारत राहिले. पंधरा वर्षं. २०२२ च्या डिसेंबरात कुठं तो दर्जा मिळाला. जो दरवाजा कुचकामी असतो तो अडवायला कुणी पंधरा वर्षं माणूस उभा करत नाही.

म्हणून दरवाजे नीट समजून घ्या. एकट्या माणसानं गाऱ्हाणं घेऊन जावं अशी सोय या करारात आहे, पण ती सरकारनं मान्य केली तरच. भारतानं केलेली नाही. म्हणजे मिरजेच्या पोराचं निवेदन सरळ सुनावणीला उभं राहणार नाही. पण सरकार आपला अहवाल देतं तेव्हा समितीपुढं संघटनांना आपला वेगळा अहवाल ठेवता येतो. विशेष प्रतिवेदकांना कुणीही पत्र लिहू शकतं, ते सरकारला जाब विचारतात. दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाची मानवी हक्कांची झाडाझडती होते, तिथं दुसरे देश प्रश्न विचारतात आणि त्यांना प्रश्न पुरवावे लागतात. १९८३ ला भगवान दास जिनिव्हात उभे राहून अस्पृश्यतेवर बोलले तेव्हा त्यांच्यामागं फौज नव्हती, कागद होते.

अर्जांबद्दल या डोंगराला एक जुना धडा ठाऊक आहे. १८२९ ला साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी महाबळेश्वरचा माथा घेतला, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. हवेच्या बदल्यात गाव. दहा वर्षांनी त्याच इंग्रजांनी राजाला गादीवरून काढलं. राजाचा वकील रंगो बापूजी लंडनला गेला आणि चौदा वर्षं अर्जामागून अर्ज करत राहिला. हात हलवत परतला. राजाचा वकील होता, तरी! कारण ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याच्याच कचेरीत तो दाखल होता, आणि इकडं साताऱ्यात दडपण आणणारं कुणी उरलं नव्हतं. नुसता अर्ज चालत नाही. घरचा लढा पेटता नसेल तर जिनिव्हातला कागद रद्दीच्या भावानं जातो.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला म्हणून क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. देवळात नाही गेलो, बाहेर उभे राहिलो. आत गोमुखातून पाच नद्या पडतात म्हणतात. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. कृष्णा साताऱ्याकडून सांगलीला जाते. सावित्री पलीकडं उतरून महाडला जाते, त्याच महाडला जिथं २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि नंतर गावानं ते तळं घागरी ओतून 'शुद्ध' केलं. एका डोंगरावर पाणी एकत्र, खाली उतरलं की कुणाचं ते ठरतं. माण तालुक्यात कुळकजाईला २००७ साली एका बौद्ध शेतकऱ्यानं विहीर खोदायला घेतली म्हणून त्याचा खून झाला. बारा आरोपी होते. २०१० ला साताऱ्याच्या कोर्टात सगळे सुटले. गाव शांत आहे.

पोरांना तिथंच रोहिणी नदीची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं जे कारण दिलंय ते म्हातारा, रोगी, प्रेत हे नव्हे. ते पाण्याचं भांडण आहे. शाक्य आणि कोलीय, मध्ये रोहिणी. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ उठला: चूक कुणाची ते आधी तपासा, दोन माणसं आपली, दोन त्यांची, चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. युनोच्या अडीच हजार वर्षं आधीची ही पाचांची समिती, आणि तिच्यात कायमची खुर्ची कुणालाच नाही! संघानं ठराव फेटाळला. बहुमत! मग सैन्यात भरतीची सक्ती आली. तो म्हणाला, मी जाणार नाही. संघ म्हणाला, तुझ्या कुटुंबावर बहिष्कार घालू, जमीन जप्त करू. शांतता मागणाऱ्याला मिळालेली ही शिक्षा नीट बघा. बहिष्कार आणि जमीनजप्ती. कपिलवस्तू आणि आपला तालुका यांत फार अंतर नाही. त्यानं घरच्यांना झळ नको म्हणून देश सोडला.

मिरजेचा पोरगा गप्प होता. मग हळू आवाजात म्हणाला, "आमच्या तिकडंही लोक गाव सोडून निघाले होते." बेडगबद्दल बोलत होता. २०२३ च्या जूनमध्ये बेडगला बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली, आणि जुलैत बौद्ध कुटुंबं घरं बंद करून, पोराबाळांना घेऊन, पावसात मुंबईच्या दिशेनं चालत निघाली. शिव राखणाऱ्यांच्या नातवंडांनीच शिव ओलांडली. त्यांना न्यूयॉर्क नव्हे, मंत्रालय गाठायचं होतं.

आमचं म्हणणं त्या पोराला तिथंच सांगितलं, ते इथं लिहितो. निवेदन जाईल. निळ्या टोपीवाले गावात या, असं त्यात नसेल, कारण ते येणार नाहीत, आणि आलेच तर आधी सरपंचाला भेटतील. त्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली प्रकरणं असतील, एकेक करून: तक्रार कधी दिली, नोंद कधी झाली, कलमं कुठली लावली, कुठली गाळली, शांतता कमिटीत कुणाच्या सह्या घेतल्या, साक्षीदार कधी फुटले, निकाल काय. सरकारनं समितीला काय सांगितलं ते डाव्या रकान्यात, तालुक्यात काय झालं ते उजव्या. इंग्रजी करून द्यायला पुण्या-मुंबईचे मित्र तयार आहेत. हे करताना कोर्टातली एकही तारीख चुकवायची नाही. जिनिव्हाला कागद गेला म्हणून साताऱ्याच्या सरकारी वकिलाचा पिच्छा सोडायचा नाही.

ज्यांच्याकडं एफआयआरच्या, जबाबांच्या, निकालाच्या प्रती असतील त्यांनी पुढच्या महिन्याच्या आत आणून द्याव्यात. मूळ कागद कुणालाही देऊ नका, आम्हालाही नको. झेरॉक्सचा खर्च अंकाच्या खात्यातून भागवू. बाया-पोरींची नावं प्रतीवर खोडून द्या. मिरज, माण आणि पाटण तालुक्यांची यादी करायचं काम वाटून झालंय. जत आणि खटावला अजून माणूस हवाय.